कुत्र्याच्या पंजाची जखम पुन्हा पुन्हा चिघळते : ऑपरेशन करायचे की थांबायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जखम बरी होते आणि महिन्याभरात परत चिघळते. आता ऑपरेशनच करून टाकावे का?

त्याआधी एक बघा : जखम दर वेळी त्याच जागी होते, की जागा बदलते? बाकीचा सगळा निर्णय याच उत्तरावर उभा आहे.

एकच पाय, एकच बोट, तीच जागा असेल तर तिथे आत काहीतरी आहे असे धरून चालावे. अडकलेले कुसळ, काटा, काचेचा तुकडा, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग, गाठ किंवा पहिल्यांदा नीट न जुळलेली पंजाच्या तळाची गादी. अशा वेळी ऑपरेशनने प्रश्न सुटू शकतो. पण आज डावा पाय, पुढच्या महिन्यात उजवा, मग दोन्ही, असे होत असेल तर दोष त्या जागेचा नाही. अ‍ॅलर्जी, कातडीतले किडे, वाढलेले वजन किंवा पाय टाकण्याची ढब यांपैकी काहीतरी मुळाशी असते, आणि ते सुरीने कापून काढता येत नाही.

आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक वेळी पंजाचे दोन फोटो काढा, एक वरून आणि एक खालून, बोटे फाकवून. बोटे मोजताना आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे बोट पहिले. म्हणजे टेकणारी चार बोटे दुसरे ते पाचवे. ‘उजवा पुढचा पाय, चौथे बोट’ एवढे तारखेसह लिहिलेले असले की डॉक्टरांचे निम्मे काम होते.

गोळ्या चालू असेपर्यंत छान असतो. कोर्स संपला की आठ-दहा दिवसांत पुन्हा पू. औषध कमी ताकदीचे आहे का?

बहुतेक वेळा औषध बरोबर असते, पण ते जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचत नाही. कुसळाचे उदाहरण घ्या. पाऊस सरला की माळरानावरचे कुसळी गवत वाळते. त्याच्या बीचे टोक सुईसारखे असते आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. वरची शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पीळ घेते. हे बी जमिनीत स्वतःला रुजवण्यासाठी असेच घडलेले आहे, आणि कुत्र्याच्या दोन बोटांमधली मऊ कातडी त्याला जमिनीइतकीच चालते. एकदा घुसले की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. वरचे भोक दोन-तीन दिवसांत बुजते, आत पू साठतो, मग तोच किंवा जवळपासचा भाग फुटतो. अँटिबायोटिक आजूबाजूचे जंतू मारते म्हणून सूज उतरते. कुसळ मात्र तसेच राहते आणि कधीकधी मनगटाच्या दिशेने वर चढते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : त्याच जागेसाठी तिसरा अँटिबायोटिक कोर्स तपासणीशिवाय सुरू करू नये. त्याने बरे तर होत नाहीच, पण जंतू औषधाला सरावतात आणि खरोखर गरज पडेल तेव्हा औषधांची निवड कमी उरते. पू कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणते औषध लागू पडेल ते पाहायला पाठवायचा तर डॉक्टरांना विचारून काही दिवस गोळ्या थांबवाव्या लागतात. नमुनाही वरवर वाहणाऱ्या पुवाचा नको, आतल्या मांसाचा हवा. वरच्या पुवात जमिनीवरचे सगळेच जंतू सापडतात.

एक्स-रेत काही दिसले नाही. म्हणजे आत काही नाही ना?

असे म्हणता येत नाही. खिळा, तार दिसते. काच बहुतेक वेळा दिसते. कुसळ, बाभळीचा काटा, लाकडाची किरच एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते, तीही पोटासाठी वापरतात त्या प्रोबने नव्हे, तर वरवरचे बारीक दाखवणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रोबने. काळसर पुवाच्या मध्ये एक चमकदार रेघ दिसली की आत काहीतरी आहे हे जवळजवळ ठरते.

तरीही एक्स-रे टाळू नका. तो हाडासाठी आहे. नखाखालचे शेवटचे हाड कुरतडल्यासारखे दिसत असेल तर प्रकरण वेगळे होते, त्याबद्दल पुढे. एक्स-रे दोन बाजूंनी, हलकी भूल देऊन आणि शंकेचे बोट पट्टीने बाजूला ओढून काढलेला हवा. सगळी बोटे एकावर एक आलेला एक्स-रे म्हणजे वाया गेलेले पैसे.

कुसळ शोधायचे ऑपरेशन केले, काहीच सापडले नाही. चूक झाली का?

चूकच असे नाही. कुसळ आधीच पुवाबरोबर निघून गेलेले असू शकते किंवा मऊ होऊन त्याचे तुकडे झालेले असतात. मात्र बारीक छेद घेऊन चिमट्याने चाचपण्यापेक्षा पू वाहणारी संपूर्ण वाट कापून काढणे आणि आत सलाईनने भरपूर धुणे अधिक भरवशाचे. वाट अर्धी ठेवली तर ती पुन्हा वाहू लागते. ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफीत जागा नक्की करून घेतली असेल तर रिकाम्या हाताने परत येण्याची वेळ कमी येते. काढलेले मांस फेकू न देता तपासणीला पाठवायला सांगा.

दोन बोटांच्या मध्ये लाल-जांभळ्या गाठी येतात, फुटतात, रक्तपू येतो. कापून काढल्या तर सुटका होईल?

हा प्रश्न लॅब्रडॉर, बुलडॉग, बॉक्सर, जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांकडून सर्वाधिक येतो, आणि बहुतेकांना उत्तर आवडत नाही. एक गाठ कापली तर शेजारी दुसरी येते.

होते काय, तर आखूड ताठ केस वजनाखाली दाबले जाऊन उलटे कातडीत घुसतात, केसांची मुळे आतल्या आत फुटतात आणि शरीर स्वतःच्याच केसाला काट्यासारखे वागवते. वरून जंतू शिरतात. कुत्रा चाटतो, कातडी ओली राहते, चक्र चालू राहते. या चक्राला सुरुवात कोण करून देते ते शोधावे लागते. क्रम साधारण असा : आधी कातडी दाबून खोलवर खरवडून डेमोडेक्सचे किडे आहेत का ते पाहायचे. ही तपासणी न करता स्टिरॉइड सुरू केले आणि किडे निघाले, तर आजार भडकतो. किडे असतील तर फ्लुरालानर, अफॉक्सोलानर या गटातल्या गोळ्यांनी आता चांगला फरक पडतो. मग जंतूंचे कल्चर, आणि त्यानुसार अँटिबायोटिक. पण ते सात दिवसांचे नाही. अशा खोल संसर्गाला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि दाबून पाहताना हाताला गाठ लागायची थांबल्यावरही आणखी दोन आठवडे द्यावे लागते. बहुतेक कोर्स इथेच फसतात : वरून कातडी छान दिसते, म्हणून गोळ्या बंद होतात, आतली गाठ अजून चण्याएवढी असते.

त्याबरोबर क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूने पंजे धुणे, फेस दहा मिनिटे तसाच ठेवणे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे. चारही पायांना खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा वेगळा विचार करावा लागतो.

ऑपरेशन कधी? हे सगळे महिनोन्महिने नीट करूनही पंजा कायमचा सुजलेला, जाड आणि दुखरा राहिला तर. त्यात बेचक्यांमधली सगळी खराब कातडी काढून बोटे एकमेकांना जोडून टाकतात. पंजा वेगळाच दिसतो, ड्रेसिंग अनेक आठवडे चालते, पण अगदी हताश झालेल्या कुत्र्याला आराम मिळतो. काही ठिकाणी लेझरने गाठी जाळतात. दोन्ही शेवटचे पर्याय आहेत. अपवाद एकच : एकाच बेचकीत एकच गाठ वारंवार येत असेल तर तिचा तुकडा तपासायलाच हवा.

गादी चिरली होती. टाके घातले, उसवले. पुन्हा घातले, पुन्हा उसवले.

कुत्रा उभा राहिला की गादी पसरते आणि चिरेच्या कडा दोन्हीकडे ओढल्या जातात. शरीराच्या वजनातला साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढची गादी जास्त उसवते. टाके टिकायला तीन गोष्टी लागतात. कडा ताज्या करून घेणे : जुन्या चिरेवर तयार झालेली गुळगुळीत कातडी न काढता टाके घातले तर कडा एकमेकींना चिकटतच नाहीत. जाड, न विरघळणारा नायलॉनचा धागा आणि काठापासून लांब घेतलेले टाके. आणि जाड मऊ ड्रेसिंग, मोठ्या जखमेला फळीसह, म्हणजे गादीवर भारच येत नाही.

सगळ्यात नेहमीची चूक वेळेची. पोटाचे टाके दहा दिवसांनी काढतात म्हणून गादीचेही काढले जातात. गादीला चौदा ते एकवीस दिवस हवेत. वरवरची, रक्त थांबलेली छोटी चीर असेल तर टाक्यांची गरजच नसते. स्वच्छता आणि विश्रांती पुरते.

गादीवर गोल, कडक ठिपका आहे. डांबरी रस्त्यावर लंगडतो, गवतावर धावतो.

हे कुरूप असण्याची शक्यता मोठी. ग्रेहाउंड आणि त्या बांध्याच्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत ते जास्त दिसते, म्हणून कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांनी गाद्या नियमित पाहाव्यात. पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांवर ते नेहमी येते, कारण भार तिथेच असतो. कापून काढलेले कुरूप बऱ्याचदा परत उगवते. भिंगरीने किंवा ब्लेडने वरचा कडक भाग उतरवून, मऊ तळाचा बूट घालून अनेक कुत्रे चांगले चालतात. अलीकडे त्या बोटाच्या तळाकडचा स्नायुबंध कापून गादीवरचा दाब कमी करण्याचे ऑपरेशन केले जाते. ते करणारा अनुभवी सर्जन जवळ असेल तर विचारावे. कुरूप आहे म्हणून लगेच बोट काढू नये, उरलेल्या बोटांवर भार वाढून तिथेही कुरूप येऊ शकते.

एकच नख सारखे तुटते.

वाढलेले नख अडकते, म्हणून आधी ते नियमित कापा. आतल्या बाजूचे लोंबते नख वारंवार फाटत असेल तर ते काढून टाकणे सोपे आणि फायद्याचे. अनेक पायांची अनेक नखे एकामागून एक गळत असतील तर तो शरीराच्या प्रतिकारशक्तीचा बिघाड असू शकतो. त्यावर महिनोन्महिने औषध चालते, आणि तिथे नखे काढण्याची घाई नको.

कुठल्या परिस्थितीत अजिबात थांबू नये?

एकाच बोटाचे मूळ सुजले आहे, नख वाकडे झाले किंवा गळून पडले, जखम भरत नाही, आणि एक्स-रेत शेवटचे हाड खाल्लेले दिसते : असे असेल तर दोनच शक्यता उरतात, हाडाचा खोल संसर्ग किंवा कर्करोग. एक्स-रेवरून दोघांत फरक करता येत नाही. नखाच्या मुळाचा स्क्वॅमस सेल (कातडीच्या पेशींचा) कर्करोग मोठ्या, काळ्या रंगाच्या कुत्र्यांत जास्त आढळतो. काळा लॅब्रडॉर आणि रॉटवायलर ही नेहमीची नावे. दुसरा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, तो लसिका ग्रंथींत आणि फुफ्फुसांत लवकर पसरतो. इथे ‘अजून एक कोर्स देऊन बघू’ हा सर्वात महाग पडणारा सल्ला.

ऑपरेशनच्या आधी छातीचे एक्स-रे आणि त्या पायाच्या लसिका ग्रंथींतून सुईने नमुना घ्यावा. काढलेले बोट संपूर्ण, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये प्रयोगशाळेत जायला हवे. हाड मऊ करून कापावे लागते, म्हणून अहवालाला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात.

बोट काढल्यावर चालेल ना नीट?

एक बोट गेले तर बहुतेक कुत्रे काही आठवड्यांत चालतात, पळतात. कडेचे, म्हणजे दुसरे किंवा पाचवे बोट गेले तर फरक जेमतेम कळतो. मधल्या दोन बोटांवर जास्त भार असतो. त्यातले एक गेले तर थोडी लंगड राहू शकते, एकाच पायाची दोन्ही गेली तर राहण्याची शक्यता बरीच. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या जड कुत्र्यांत हिशेब अधिक कडक. मधली मोठी गादी मात्र काहीही करून वाचवायची असते, कारण ती गेली की पाय टेकायला जागाच उरत नाही.

सहा महिने दुखरे बोट घेऊन तीन पायांवर उड्या मारणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने बोट जाणे हे नुकसान नसते. ते नुकसान आपल्याला वाटते.

वय अकरा आहे. भूल सोसेल का?

नुसत्या वयावरून नकार देऊ नये. हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या, साखर आणि हृदयाची तपासणी यांवर ठरवावे. आपल्याकडे एक चाचणी आवर्जून मागा : गोचीड तापाची. या तापाच्या एर्लिकिया जंतूमुळे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. पंजाला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे हा धोका इथे जास्त. ताप निघाला तर डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स देतात. तातडी नसेल तर प्लेटलेट वर आल्यावरच ऑपरेशन.

डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

‘करायचे का?’ एवढे विचारू नका. तुमच्या मते मुळाशी काय आहे, आत काही सापडले नाही तर टेबलावर काय कराल, बोट काढायची वेळ आली तर आधी फोन कराल का, आणि ड्रेसिंग किती वेळा व कोण बदलणार, हे विचारा. खर्चाचा अंदाज घेताना भूल, रक्त तपासणी, प्रयोगशाळा आणि ड्रेसिंगच्या सगळ्या फेऱ्या त्यात आहेत का ते पाहा. अनेकदा ड्रेसिंगचा एकूण खर्च ऑपरेशनच्या बरोबरीला जातो. गुंतागुंतीच्या केसमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत दुसरे मत घेता येते. मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. जुने एक्स-रे सोबत न्या.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी किती वेळ?

मोठ्या कुत्र्याला साधारण सहा ते आठ तास अन्न नको, पाणी निघेपर्यंत चालते. पिल्लांना आणि साखरेच्या रुग्णांना वेगळी वेळ, ती विचारून घ्या.

घरी ड्रेसिंग सांभाळताना काय बिघडते?

ऑपरेशन उत्तम होऊन ड्रेसिंगमुळे पाय गमावल्याची उदाहरणे आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर. बांधताना बोटांच्या बेचक्यांत आणि आतल्या नखाखाली कापसाचे पातळ बोळे हवेत, नाहीतर घाम आणि घर्षणाने कातडी सोलते. त्यावर जखमेला न चिकटणारी जाळी, मग कापसाचे जाड वेढे, मग गॉज, शेवटी चिकट पट्टी. वेढे बोटांकडून वर जातात. मधल्या दोन नखांची टोके उघडी ठेवायला सांगा. दिवसातून दोनदा ती पाहायची : नखे एकमेकांपासून लांब गेली, बोटे गार लागली, तर आतला दाब वाढला आहे. रात्र असली तरी पट्टी सैल करून घ्या. कुजका वास, पट्टी सारखी चावणे, कालपर्यंत टेकत असलेला पाय आज एकदम उचलून धरणे, ही सगळी त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची कारणे आहेत.

ओले ड्रेसिंग म्हणजे गेलेले ड्रेसिंग. पावसाळ्यात बाहेर नेताना सलाईनची रिकामी जाड पिशवी कापून बुटासारखी चढवा आणि घरी आल्याबरोबर काढा. तासन्‌तास ठेवली तर आत घाम साठून तेच होते. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. पावसाळ्यात दिवसभरातही पडतात. त्यावर टर्पेंटाइन, फिनेल ओतू नका.

चाटू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर मात्र सक्तीची. ‘आमचा चाटत नाही’ असे सांगणाऱ्यांचे टाके रात्री दोन वाजता निघतात. मोज्याने काम भागत नाही. कुत्रा मोजा पाच मिनिटांत खातो, आणि गिळला तर पोटाचे ऑपरेशन वेगळे.

हळद, घरातली दुखण्याची गोळी?

हळद जखमेत भरली की पुढच्या तपासणीत पू, मांस आणि हळद यांत फरक कळत नाही. धुवायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरले तर नवे मांस मरते.

माणसांची ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल देऊ नका. पहिल्या दोन्हींनी पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे जातात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी. कुत्र्यालाही ते मानवत नाहीच.) मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात, पण रोजचा डोस किलोला ०.१ मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला माणसाची १५ मिलिग्रॅमची गोळी दिली तर ती पंधरा दिवसांची मात्रा एका घासात होते. स्टिरॉइड चालू असताना तर हे औषध मुळीच नको.

वस्तीतल्या कुत्र्याच्या पंजाचे काय?

इथे गणित उलटे होते. घरच्या कुत्र्यासाठी आठ ड्रेसिंग करून बोट वाचवणे योग्य असेल, पण जो दर दोन दिवसांनी हाती लागणार नाही त्याच्यासाठी एकदाच बोट काढून जखम पूर्ण बंद करणे बऱ्याचदा दयेचे ठरते. शक्यतो आतले टाके विरघळणारे घ्यावेत. तरी किमान दोन आठवडे बंदिस्त, कोरडी जागा लागतेच. ती आधी ठरवा, मगच कुत्रा पकडा. पकडणाऱ्यांनी आपले रेबीजचे इंजेक्शन आधी घेतलेले असावे. दुखऱ्या पंजाला हात लावल्यावर ओळखीचा कुत्राही चावतो. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.